कोळंबीचा दाखला

पस्तीस वर्षे मी शाळेत होतो. एवढ्या काळात किती दाखले लिहिले, त्याची मोजदाद नाही. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला. पण कोळंबीलाही दाखला लागतो, हे मला अगदी अलीकडे कळले. आणि तेही एका वाईट रात्री.

आमचे गाव खाडीकाठचे. खाजणाच्या कडेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कोळंबीची दोन तळी आहेत. कर्ज काढून केलेली. त्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस जोरात पडून गेला होता. त्याच्या आधी दोन दिवस कोळंबी नीट खात नव्हती, असे तो म्हणत होता. रात्री नऊच्या सुमारास तो हातात डबा घेऊन माझ्या ओटीवर आला.

"गुरुजी, हे काय झालंय बघा."

डब्यात पाच-सहा कोळंब्या होत्या. अंग लालसर पडलेले. त्याने एकीच्या डोक्यावरचे कवच सोलले आणि दिव्यासमोर धरले. कवचावर आतल्या बाजूने पांढरे ठिपके होते. खसखशीच्या दाण्याएवढे.

"काठाला येऊन पडतायत," तो म्हणाला. "पहाटे ओहोटीला उघाडी सोडतो. पाणी गेलं की जाळं मारतो, मिळेल त्या भावाला विकून टाकतो. कोणाला बोलू नका गुरुजी."

उघाडी म्हणजे बांधातले दार. त्यातून तळ्याचे पाणी खाडीत सोडतात.

मी विचारले, "अरे, ते पाणी खाडीत जाईल. आणि भरती आली की खाडीतून कुठं जाईल?"

तो बोलला नाही. त्याच्या तळ्यांच्या खालच्या अंगाला त्याच्या चुलतभावाचे तळे आहे. त्याच्या पलीकडे आणखी तीन. सगळे एकाच खाडीचे पाणी घेतात.

आता हा रोग काय आहे, ते आधी सांगतो. मग दाखल्याकडे वळू.

याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणतात. तो विषाणूमुळे होतो. विषाणू इतका बारीक असतो की साध्या भिंगानेही दिसत नाही. गोवर, पोलिओ, कोरोना हेही विषाणूंचेच रोग. पण पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू माणसाला काही करीत नाही. ती कोळंबी खाल्ली तरी आपल्याला हा रोग होत नाही. तो कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्याच कुळातल्या प्राण्यांना होतो. मात्र कोळंबीच्या तळ्यात तो शिरला की तीन ते दहा दिवसांत तळे साफ होऊ शकते. त्यावर औषध नाही.

खेकड्याची गोष्ट निराळी. विषाणू त्याच्या अंगात असतो, पण तो पुष्कळदा मरत नाही. धडधाकट दिसतो, बांधावरून चालत जातो, आणि शेजारच्या तळ्यात रोग घेऊन उतरतो. कावळे-बगळे मेलेली कोळंबी उचलतात आणि दुसऱ्या तळ्यात टाकतात. म्हणून जाणते लोक तळ्याभोवती खालून जाळीचे कुंपण घालतात आणि वरून दोऱ्या ओढतात. हा खर्च फुकटचा वाटतो. तसा तो नाही.

हा रोग आपल्याकडचा नव्हे. १९९२ च्या सुमारास तो तैवान आणि चीनमध्ये दिसला. १९९३ साली जपानमध्ये गेला. कसा गेला, तर चीनहून कोळंबीचे जिवंत बी विकत आणले, त्या बियाबरोबर. १९९४ साली तो आपल्या देशात आला. त्या वेळी आपल्याकडे वाघी कोळंबी पाळत असत. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून वाघी. आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तिची तळी जोरात चालली होती. एक-दोन वर्षांत तळ्यांमागून तळी ओस पडली. पुढे १९९९ साली हाच रोग मध्य अमेरिकेत आणि इक्वेडोर देशात पोचला. म्हणजे सात वर्षांत त्याने निम्म्या जगाची फेरी केली.

उलट दिशेनेही असेच झाले. इक्वेडोरमध्ये टौरा नावाची नदी आहे. १९९२ साली तिच्या काठच्या तळ्यांत एक नवा रोग दिसला. त्याला त्या नदीचेच नाव पडले. १९९९ च्या सुमारास तो तैवानमध्ये निघाला. तिकडून आणलेल्या जिवंत कोळंबीबरोबर तो आला होता.

एवढा मोठा समुद्र कोळंबीने काही पोहून ओलांडला नाही. आपणच तिला पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून, खोक्यात घालून, विमानात बसवून नेले. माल गेला, पैसे आले. मालाबरोबर आणखी काय गेले, ते कोणी पाहिले नाही.

आणि नुसते डोळ्यांनी पाहून चालतही नाही. युरोपच्या नद्यांत शेवंडीसारखा दिसणारा, गोड्या पाण्यातला एक लहान प्राणी असतो. लोक तो आवडीने खातात. १८५९ च्या सुमारास इटलीत तो पटापट मरू लागला, आणि पुढल्या काळात ही साथ एकामागून एक देशांत पसरली. रोग मूळचा अमेरिकेचा. अमेरिकेतल्या जातींच्या अंगात तो असतो, पण त्या सहसा मरत नाहीत. त्यांना पाहून कोण म्हणेल, यांच्या अंगात रोग आहे म्हणून? तेव्हा नमुना काढून तपासणीच करावी लागते. कोरोनाच्या साथीत नाकातला नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवीत, तुम्हाला आठवत असेल. कोळंबीची तपासणी त्याच पद्धतीने होते. नमुना तेवढा नाकातला नसतो!

आता दाखल्याची गोष्ट. तिची सुरुवात गुरांपासून आहे, आणि आपल्या देशाशी तिचा संबंध आहे.

बुळकांडी हे नाव घरातल्या जुन्या माणसांना विचारा. गुरांचा भयंकर रोग. गोठेच्या गोठे रिकामे करायचा. १९२० साली आपल्याकडची वशिंडाची गुरे जहाजातून ब्राझील देशाला चालली होती. वाटेत बेल्जियम देशातल्या अँटवर्प बंदरात ती उतरवली. त्यांच्यात बुळकांडी होती. ती तिथल्या गुरांना लागली. युरोपातले देश हादरले. एका देशाचे जनावर, जायचे दुसऱ्या देशाला, आणि रोग तिसऱ्याच्याच गोठ्यात!

मग १९२४ साली २८ देशांनी पॅरिस शहरात एक संस्था काढली. तिचे आजचे नाव जागतिक पशुआरोग्य संघटना. २०२२ पर्यंत तिला जुन्या नावावरून ओ.आय.ई. म्हणत. आज १८० हून अधिक देश तिचे सभासद आहेत. आपला देशही आहे. आणि ज्या बुळकांडीपायी ती निघाली, ती बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे २०११ साली जाहीर झाले. आमच्या आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

या संस्थेने १९६० साली माशांच्या रोगांसाठी एक वेगळी समिती नेमली. १९९५ साली पाण्यातल्या प्राण्यांसाठी नियमांचे पहिले पुस्तक निघाले. त्यात मासे आले, कोळंबी-खेकडे आले, कालवे-शिंपले आले. पुढे बेडूकही आले. दर वर्षी मे महिन्यात सर्व देशांचे प्रतिनिधी ग्रामसभेसारखे जमतात आणि नियमांत दुरुस्त्या करतात. देश लहान असो की मोठा, मत एकच.

नियम पुष्कळ आहेत. सगळे मलाही ठाऊक नाहीत, आणि तुम्हाला नकोत. पण चार गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

एक तर, त्या पुस्तकात रोगांची यादी आहे. वाटेल तो रोग यादीत घालीत नाहीत. जो एका देशातून दुसऱ्यात पसरू शकतो, ज्याने मोठे नुकसान होते आणि जो खात्रीने ओळखता येतो, असाच रोग घेतात. ज्याची तपासणीच करता येत नाही, त्याचा दाखला मागून काय उपयोग? पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यादीत आहे. टौराही आहे.

दुसरे, यादीतला रोग आपल्या देशात नव्याने निघाला, तर सरकारने २४ तासांच्या आत त्या संस्थेला कळवायचे. मग ती सगळ्या देशांना सावध करते. जुन्या रोगांची हकिकत दर सहा महिन्यांनी द्यायची.

तिसरी गोष्ट मला फार आवडली. जो रोग आपल्याच घरात मोकाट आहे आणि ज्याचा आपण काही बंदोबस्त करीत नाही, तो दुसऱ्याच्या मालातून येईल असे म्हणून माल अडवायचा नाही. पाहुण्याला पाय धुऊन ये म्हणायचे, तर आधी आपले अंगण झाडलेले हवे. एखाद्या देशाला नियम कडक करायचा असेल, तर त्याने शास्त्राचा आधार दाखवायचा. १९९५ साली व्यापाराचा जो जागतिक करार अमलात आला, त्यात हे मान्य झाले आहे. नाहीतर भाव पाडायला 'तुमच्या मालात रोग आहे' एवढे म्हणणे सोपे आहे.

चौथे असे की, देशात एके ठिकाणी रोग आहे म्हणून सगळा देश वाईट ठरवायचा नाही. एका नदीचे खोरे, एका खाडीचा भाग किंवा बंदोबस्ताने चालवलेले एखादे केंद्र वेगळे धरता येते. तिथे रोग नाही हे तपासण्या करकरून दाखवता आले, तर तिथला माल जाऊ शकतो. तसेच जिवंत कोळंबी, कच्ची गोठवलेली कोळंबी आणि शिजवून डबाबंद केलेली कोळंबी यांना एकच नियम लागत नाही. शिजवले की विषाणू मरतो. गोठवल्याने मरत नाही. बर्फात तो झोपून राहतो म्हणा ना.

हे गोठवण्याचे प्रकरण ऑस्ट्रेलियाला भोवले असावे. २०१६ च्या अखेरीस तिथल्या लोगन नदीच्या काठी कोळंबीच्या तळ्यांत पांढरे ठिपके निघाले. त्या देशातल्या तळ्यांत हा रोग तोवर नव्हता. तो कसा आला हे पुराव्याने ठरले नाही. पण पुष्कळांचा संशय असा, की बाहेरून खाण्यासाठी आणलेली कच्ची गोठवलेली कोळंबी कोणीतरी गळाला आमिष म्हणून लावली आणि नदीत टाकली. जानेवारी २०१७ मध्ये त्या सरकारने कच्च्या कोळंबीची आयात थांबवली. जुलैत ती पुन्हा सुरू केली, पण तपासण्या वाढवून. मधल्या सहा महिन्यांत ज्यांचा माल त्या देशाला जायचा, त्यांनी काय करायचे? गळ टाकणाऱ्याच्या मनात हे आले तरी असेल का?

(कोळंबीत औषधांचा अंश राहतो, म्हणून परदेशात माल नाकारतात, तो विषय वेगळा. ते माणसाच्या आरोग्याचे नियम. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

आपल्या देशाने १९९४ च्या फटक्यानंतर काय केले? २००५ साली किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीसाठी कायदा झाला. तळ्यांची नोंदणी सक्तीची झाली. २००९ साली व्हेनामी जातीची कोळंबी पाळायला परवानगी मिळाली. ही जात मूळची अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याची. आज आपल्याकडे बहुतेक तळ्यांत हीच आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या तळ्यातही हीच. तिची आई-कोळंबी, म्हणजे जिच्यापासून बी काढतात ती, परदेशातून विमानाने येते. हवाई बेटांवरून येते, फ्लोरिडातून येते. नेमून दिलेल्या रोगांपासून मुक्त अशी ती खास वाढवलेली असते. बरोबर तिकडच्या सरकारी अधिकाऱ्याचा दाखला असतो.

पण दाखला आहे म्हणून ती थेट बीज केंद्रात जात नाही. चेन्नईजवळ नीलंकरै येथे एक विलगीकरण केंद्र आहे. ते २००९ सालीच सुरू झाले. तिथे प्रत्येक खेप वेगळी ठेवतात. नमुने काढून रोगांसाठी तपासतात. तिथले पाणीही जंतुनाशक प्रक्रिया केल्यावाचून बाहेर सोडीत नाहीत. खेप शुद्ध निघाली, तरच ती बीज केंद्राला मिळते. केंद्रात बी तयार होते, आणि ते आंध्र-तमिळनाडूतून गाडीने आपल्या खाडीपर्यंत येते.

म्हणजे पाहा. हवाई बेटांपासून आमच्या गावापर्यंत दाखल्यामागे दाखला, तपासणीमागे तपासणी. आणि शेवटी ते बी पडते कशात, तर सगळ्यांच्या खाडीच्या पाण्यात! इथून पुढे कागद थांबतो. पुढचे तळेवाल्याने बघायचे.

मुख्याध्यापक असताना एक वजनदार गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलाची जन्मतारीख दाखल्यावर दोन वर्षांनी कमी करून हवी होती. मी म्हटले, दाखला मी आत्ता लिहून देईन, पण वर्गाच्या रजिस्टरात जे आहे तेच लिहीन. ते रागावून गेले. दाखला हा नुसता कागद. त्याचा जीव रजिस्टरात असतो. देशाने जगाला जो दाखला द्यायचा, त्याचे रजिस्टर म्हणजे गावोगावची तळी. तळेवाल्याने रोग लपवला, तर तालुक्याला कळत नाही, राज्याला कळत नाही, दिल्लीला कळत नाही. मग पॅरिसला काय कळवणार? आणि पुढे परदेशच्या बंदरात नमुना तपासला की सगळे बाहेर येते. तोवर त्या दाखल्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नसतो. ज्याच्या तळ्यात रोग नाही, त्याचाही माल संशयाने पाहतात.

यातले मला त्या रात्री थोडेच ठाऊक होते. बाकीचे पुढे मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले. पण पाणी खालच्या तळ्यात जाईल, एवढे कळायला पुस्तक लागत नाही.

तो बराच वेळ ओटीवर बसून राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, सांगितलं तर माझं नाव होईल. व्यापारी भाव पाडतील. न सांगणारे मजेत राहतील."

त्याचे हे म्हणणे खोटे नव्हते. मला उत्तर सुचले नाही. मी एवढेच म्हटले, "आधी भावाला फोन कर."

त्याने फोन केला. पहाटे चुलतभाऊ आणि पलीकडचे तिघे बांधावर हजर. पाणी आत घ्यायच्या आपापल्या उघाड्या त्यांनी बंद केल्या. सकाळी खात्याचा माणूस आला, नमुना घेऊन गेला. आम्ही उघाडी सोडली नाही. पाणी न सोडता ओढजाळ्याने निघेल तेवढी कोळंबी काढली आणि बर्फात घालून कारखान्यात पाठवली. मेलेली वेचून, चुना घालून खोल पुरली. मग तळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून पाणी कोंडून ठेवले. जाळी आणि बादल्या दुसऱ्या तळ्यावर नेल्या नाहीत, त्याही तिथेच धुतल्या. प्रयोगशाळेचा कागद आला. रोग तोच होता.

चुलतभावाचे तळे वाचले. पलीकडच्या तिघांपैकी एकाच्या तळ्यात पंधरा दिवसांनी ठिपके निघालेच. खेकड्याने नेले की पक्ष्याने, कोण सांगणार? पण त्याने तोवर मोठी कोळंबी काढून विकली होती. माझ्या विद्यार्थ्याचे मात्र निम्म्याहून जास्त पीक बुडाले. विमा उतरवलेला नव्हता. कर्जाचे हप्ते तो अजून फेडतो आहे. जो खरे सांगतो त्याला हात मिळाला पाहिजे, असे मला वाटते. नाहीतर पुढच्या वेळी ओटीवर डबा घेऊन कोण येईल?

तळी उन्हात वाळवून, तळाचा काळा गाळ काढून त्याने पुढच्या हंगामाची तयारी केली. या वेळी बी घेताना त्याने तपासणीचा कागद आधी मागितला. बियाची गाडी पहाटे आली तेव्हा तो बांधावर होता. कागद त्याच्या बायकोच्या हातात पडला. ती आमच्या रात्रीच्या वर्गाला दोन वर्षे येते. तिने कागदावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग खोक्यांकडे गेली आणि त्यांच्यावरचे आकडे वाचले.

"थांबा," ती म्हणाली. "कागदावर टाकी अकरा नंबरची आहे. खोक्यावर चौदा लिहिलंय."

गाडीवाला म्हणाला, "बाई, बी तेच आहे. उन्हं चढली तर मरेल."

तिने खोके उघडू दिले नाही. नवऱ्याला हाक मारली. बीज केंद्राला फोन गेला. अर्ध्या तासात उलगडा झाला. त्याच गाडीत दोन गावांचे बी होते, आणि गाडीवाल्याने दोघांचे कागद अदलाबदल करून दिले होते. अकरा नंबरची खोकी गाडीत मागे होती. ती उतरवली, आकडा पुन्हा ताडून पाहिला, आणि मग पिशव्या तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या.